हिरवी फीत

फितीचं टोक काडीच्या ज्योतीजवळ नेलं की आधी ते आकसायचं, मग काळं पडून त्याचा बारीक कडक मणी व्हायचा – आणि नायलॉन जळल्याचा तो गोडसर घाण वास बोटांना चिकटून राहायचा. रोझमेनने आणखी एक टोक जाळलं. हिरवी फीत. सकाळचे साडेसहा वाजले होते, नन्सच्या शाळेचं सभागृह अजून कुलूपबंद होतं, आणि व्हरांड्यातल्या लांब टेबलावर फितींचे दोन ढीग होते, पांढरा लहान आणि हिरवा मोठा. टोकं जाळली नाहीत तर दुपारपर्यंत धागे सुटतात आणि मानेला टोचतात, हे तिला माहीत होतं. कसं माहीत होतं याचा तिने विचार केला नाही. विचार करायला गेल्या पाच वर्षांत फुरसत म्हणून मिळाली नव्हती, आणि आज तर मुळीच मिळणार नव्हती.

पाच वर्षं. मुलांना कोडिंग कसं शिकवावं यावरची ही शिक्षकांची परिषद दरवर्षी राजधानीत, पोर्तोप्रेन्सच्या त्याच एका हॉटेलात भरायची, तेच चाळीस लोक यायचे, तीच भाषणं फ्रेंचमध्ये व्हायची, आणि दुपारी पोहण्याच्या तलावाकाठी बसून सगळे एकमताने म्हणायचे की खरा प्रश्न डोंगराळ भागातल्या शिक्षकांपर्यंत पोचण्याचा आहे. रोझमेन तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायची. तिसऱ्या वर्षी तिने तोंड उघडलं, आणि मग ते बंद झालं नाही. परिषद उत्तरेला ओकापला आणा. जुलैत ठेवा, शाळा बंद असतात. डोंगरातून ट्रक सोडा. तान्ह्या मुलांना सांभाळायला एक खोली द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाहुण्यांची फ्रेंच भाषणं क्रेओलमध्ये, घरोघरी बोलतात त्या भाषेत ऐकू येतील अशी सोय करा... बेलिझेर साहेब, परिषदेचे अध्यक्ष, वाईट माणूस नव्हता, पण तो दर बैठकीत चष्मा पुसत तिचं ऐकून घ्यायचा आणि दर बैठकीत विसरायचा. यंदा त्याने हात टेकले. म्हणाला, "रोझमेनबाई, सगळं तुमच्या मनासारखं करू. डोंगरातले लोक येऊन बोलते झाले, तर पुढच्या वर्षी परिषद थेट रांकितला, तुमच्या गावाला भरवू. नाही झाले, तर मात्र पुन्हा हॉटेल. आणि मग मला छळायचं नाही."

म्हणून ह्या फिती. पांढरी ज्यांना फ्रेंच पुरतं त्यांना, हिरवी ज्यांना क्रेओल लागतं त्यांना. दारातल्या मुलींनी हिरवी फीत पाहिली की न विचारता इयरफोन हातात द्यायचा. कोणाला मागावं लागू नये, कोणाला सांगावं लागू नये की मला कळत नाही. ह्या युक्तीवर ती मनातून खूश होती.

गेर्दा आली, हातात आकासानचे दोन पेले घेऊन. गेर्दा तिच्याच शाळेत गणित शिकवायची आणि नावनोंदणी सांभाळत होती. तिने एक पेला टेबलावर ठेवला, हिरव्या ढिगाकडे पाहिलं आणि जी गोष्ट तिने गेल्या आठवड्यात एकदा काढली होती ती परत काढली.

"ताई, फॉर्मवर त्यांनी फ्रेंच लिहिलंय. सगळ्यांनी. रांकित, बाओं, पिलात – एकानेही क्रेओल लिहिलेलं नाही."

"लिहिणारच. त्यांना काय लिहावं लागतं ते मला ठाऊक आहे. मी तिथलीच आहे."

मक्याच्या त्या दाट, दालचिनी घातलेल्या पेयाचा घोट घेत गेर्दा नावं लावू लागली, आणि रोझमेनने पुढचं टोक जाळलं. तिच्या लहानपणीच्या मास्तरांचं. कार्डावर तिने स्वतः, वळणदार अक्षरात लिहिलं होतं – दियजुस्त ओरेलूस, रांकित. हिरव्या फितीत ओवताना क्षणभर तिची बोटं थबकली. मग तिने गाठ मारली. सत्तरीचा म्हातारा, मॉन्त्रेआलहून आलेल्या बाईंचं भरधाव फ्रेंच त्याच्या डोक्यावरून जाणार, आणि तो मान हलवत बसणार. तसं होऊ द्यायचं नव्हतं.

कारण सगळी मदार मास्तरांवर होती. फेब्रुवारीत मावशीच्या मातीला ती रांकितला गेली होती, तेव्हा परत निघताना शाळेवरून गेली आणि कुंपणापाशी उभीच राहिली. मैदानात मास्तरांनी चौकटी आखल्या होत्या. एक मुलगी गाढव झाली होती. गाढवाने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, फक्त सांगितलेलं करायचं, आणि बाकीच्या मुलांनी आंब्याच्या कोया ओळीत मांडून त्याला झऱ्यावर पाठवायचं. एक कोय म्हणजे एक पाऊल. आडवी कोय म्हणजे वळ. दोन कोया एकमेकींवर म्हणजे वाट मोकळी असेल तरच जा, नाहीतर थांब. गाढव झालेली मुलगी सरळ जाऊन फणसाच्या झाडावर आपटली आणि सगळा वर्ग खदखदला, एक पोरगा ओरडला की गाढव चुकलं. तर मास्तर काठी टेकत पुढे आले आणि क्रेओलमध्ये म्हणाले, "गाढव कसं चुकेल रे? त्याने तुझंच ऐकलं. तुझ्या कोया बघ." शाळेत वीज नव्हती. कोण्या मिशनऱ्याने सोडलेल्या एका फ्रेंच पुस्तिकेवरून म्हाताऱ्याने हे सगळं उभं केलं होतं. रोझमेन तिथे रडली होती, मावशीच्या मातीत आलं नव्हतं ते पाणी तिथे डोळ्यांत आलं. हे लोकांनी बघायला हवं होतं. बेलिझेरने बघायला हवं होतं. तिने मास्तरांना क्रेओलमध्ये पत्र पाठवलं, या आणि गाढवाचा खेळ दाखवा, आपल्या भाषेत दाखवा. उत्तर आलं ते फ्रेंचमध्ये, एकही खाडाखोड नसलेलं – मादाम, आपल्या निमंत्रणाने मी अनुगृहीत झालो आहे.

आठ वाजता ट्रक आले. माणसं उतरली, बायकांनी कापडी बूट काढून झोळीतले चांगले बूट घातले, पुरुषांनी कोटावरची धूळ झटकली. रविवारचे कपडे होते सगळ्यांचे. टेबलापाशी रांग लागली आणि रोझमेन एकेकाच्या गळ्यात स्वतःच्या हाताने फीत घालू लागली – या, बसा, प्रवास कसा झाला – क्रेओलमध्ये, मोठ्याने, आपलेपणाने. पिलातहून आलेल्या एका ठेंगण्या बाईने गळ्यातली फीत पाहिली, पुढच्या माणसाची पांढरी पाहिली, आणि हळूच फ्रेंचमध्ये विचारलं की रंगांत काही गल्लत तर झाली नाही ना. रोझमेन हसून क्रेओलमध्ये म्हणाली, नाही बाई, तुमच्या सोयीसाठीच आहे. बाईने मान हलवली. ती सभागृहात गेली तेव्हा तिचं कार्ड पदराआड गेल्यासारखं रुमालाखाली गेलेलं होतं.

मास्तर रांगेत शेवटी होते. काळा कोट, कोपरांना चकाकी आलेली. तिला हात उंचावावे लागले नाहीत, म्हाताऱ्यानेच टोपी काढून मान खाली केली, आणि तिने फीत घातली. मानेवर पिकलेले केस होते, नीट कातरलेले. "रोझमेन, मास्तर. ओळखलं का?" तिने क्रेओलमध्ये विचारलं.

"आपणांस कसा विसरेन, मादाम?" ते फ्रेंचमध्ये म्हणाले.

...सुतळी होती ती. नायलॉन नव्हतं. सुतळी मानेला टोचायची, विशेषतः घाम आला की, आणि तीत ओवलेली लाकडी पाटी तळहाताएवढी, पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. शाळेच्या आवारात जो क्रेओल बोलेल त्याच्या गळ्यात. मग त्याने कान टवकारून फिरायचं आणि दुसऱ्या कोणाला क्रेओल बोलताना पकडून ती त्याच्या गळ्यात घालायची. शेवटची घंटा होईल तेव्हा ज्याच्या गळ्यात असेल त्याने खड्यांवर गुडघे टेकायचे आणि चामड्याच्या चाबकाचे फटके खायचे. रोझमेन नऊ वर्षांची होती. हे आज कशाला आठवावं – तिने ते झटकून टाकलं, जनरेटरवाल्याला हाक मारली आणि आत गेली.

आत पहिलं भाषण सुरू झालं होतं. मॉन्त्रेआलच्या बाई पडद्यावर रंगीत ठोकळे सरकवत वेगाने बोलत होत्या, मागच्या खोलीत दोघे दुभाषे घाम पुसत क्रेओल करत होते, आणि दारातली टोपली इयरफोननी तशीच भरलेली होती. रोझमेनने टोपलीकडे पाहिलं. मग सभागृहाकडे. मागच्या सात रांगांत डोंगरातली माणसं ताठ बसली होती, वह्या उघड्या, आणि एकाच्याही गळ्यात हिरवं काही दिसत नव्हतं. कोटाच्या आत, खिशात, वहीच्या पानांत. दारातल्या मुलीने सांगितलं की आम्ही देत होतो ताई, पण ते म्हणतात आम्हाला गरज नाही. काहींनी तर रागाने बघितलं.

तिला राग आला. दमलेल्या माणसाला येतो तसा, एकाच जागी ठणकणारा. ह्यांच्यासाठी मी घसा कोरडा केला, बेलिझेरच्या पाया पडायची बाकी राहिले, दुभाष्यांना पंधरा दिवस शब्द घोकायला लावले – आणि हे नाक वर करून बसलेत, न कळणाऱ्या गोष्टीवर मान हलवत. फुकटचा तोरा. शिकवायचं पोरांना, आणि स्वतः... तिने वाक्य मनातच तोडलं. खुर्चीत बसली. पंखा फिरत होता, वारा येत नव्हता. तिने डोळे मिटले आणि त्या मिटल्या डोळ्यांआड पुन्हा ती सुतळी.

शुक्रवार होता. घंटा झाली तेव्हा पाटी तिच्या गळ्यात होती, पण मास्तरांना कोणीतरी बोलावून नेलं होतं, आणि ती पाटीसकट घरी गेली. आई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आईला अक्षरओळख नव्हती. तिने पोरीच्या गळ्यात काहीतरी गुळगुळीत, लाकडी, शाळेतलं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. बक्षीस मिळालं का गं? आणि मी हो म्हटलं. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार होते – आईने हात पुसून पाटी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली, शनिवारच्या बाजारात शेजारणीला दाखवली. रविवारी प्रार्थनेनंतर तिने चर्चच्या पायऱ्यांवर मास्तरांना गाठलं आणि आभार मानले. माझ्या मुलीला तुम्ही बक्षीस दिलंत, देव तुमचं भलं करो. मी आईच्या स्कर्टामागे उभी होते. मास्तर तेव्हा तिशीचे, ताठ, मिशीवाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली, आईपुढे मान लववली, आणि क्रेओलमध्ये, ज्या भाषेसाठी ती पाटी होती त्याच भाषेत म्हणाले, पोरगी हुशार आहे, बाई. सोमवारी त्यांनी पाटी मागून घेतली. फटके दिले नाहीत. दया होती की विसर, हे मला कधी कळलं नाही.

टाळ्या वाजल्या. रोझमेनने डोळे उघडले. तिच्या स्वतःच्या गळ्यात पांढरी फीत होती.

ते तिला तेव्हा दिसलं. आणि दिसल्यावर लगेच तिने त्याच्याशी वाद घालायला सुरुवात केली. नाही, हे तसं नाही. ती शिक्षा होती, ही सोय आहे. ते क्रेओल बोलू नका म्हणून होतं, हे क्रेओल ऐका म्हणून आहे. उलट आहे, अगदी उलट. मुद्दा तिच्या बाजूने होता. पण मुद्दा कोणाच्या मानेला लागत नाही, फीत लागते, आणि तिने ती न विचारता घातली होती. विचारलं होतं खरं तर. फॉर्मवर. त्यांनी उत्तर दिलं होतं.

दुपारी काळ्या अळंब्यांचा भात होता आणि सोबत कोबी-मिरचीचं झणझणीत लोणचं. तिला भूक नव्हती. खिडकीतून तिने पाहिलं तर अंगणात बदामाच्या सावलीत दहा-बारा जण गोल करून उभे होते, मध्ये मास्तर कोट काढून उकिडवे बसलेले, फरशीवर आंब्याच्या ओल्या कोया मांडत. पिलातची ती ठेंगणी बाई गाढव झाली होती. जेवणाची थाळी डोक्यावर धरून पावलं टाकत होती, कोणीतरी म्हणालं की गाढवीणबाई, भात सांडला तर नवऱ्याला काय घालाल, आणि सगळे हसत होते, क्रेओलमध्ये एकमेकांवर ओरडत होते, कोया हिसकावून घेत होते. हेच. हेच तर दाखवायचं होतं. रोझमेन धावली. धावत जाऊन तिने बेलिझेर साहेबांना जेवणावरून उठवलं, फोनचा कॅमेरा सुरू केला आणि दोघं अंगणात आली – आणि आवाज विझला. बाईने थाळी खाली घेतली. मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले, कोट चढवला, कोया पायाने बाजूला सारल्या.

"भोजन उत्तम आहे, महोदय," ते बेलिझेरला फ्रेंचमध्ये म्हणाले.

तीन वाजता त्यांची पाळी आली. खिशातून चार पानं काढून त्यांनी ती वाचली. सन्माननीय सभा, आदरणीय अध्यक्ष महोदय, ज्ञानाच्या ह्या यज्ञात माझी अल्पशी समिधा... त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. गाढव नव्हतं, कोया नव्हत्या, झरा नव्हता. बाल्यावस्थेतील तार्किक विचारक्षमतेच्या संवर्धनाबद्दल काहीतरी होतं. पुढच्या रांगांतले लोक सौजन्याने ऐकत होते. मागच्या रांगांत मात्र माणसं खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, हे तिला दिसलं. आमचाही माणूस असं बोलू शकतो. बेलिझेर चष्मा पुसू लागला. रोझमेनला कळलं की रांकित हातातून चाललं आहे, पुढच्या वर्षीचं रांकित, तिथल्या मैदानावर बसणारे शंभर-दोनशे शिक्षक, सगळं ह्या चार पानांबरोबर चाललं आहे. आणि ती उठली. उठायला नको होतं, हे उठतानाच माहीत होतं. माईक न घेता क्रेओलमध्ये म्हणाली, "मास्तर, गाढवाचा खेळ दाखवा ना. दुपारी दाखवत होतात तो."

सभागृह वळून तिच्याकडे बघू लागलं. मास्तरांनी पानांची घडी घातली, एकदा, दोनदा.

"मादाम," ते फ्रेंचमध्ये म्हणाले, "तो मुलांसाठी आहे."

मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ. बेलिझेर तिच्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाला की म्हातारा भारदस्त आहे हो, पण त्यात काही नव्हतं, आणि बघा, त्यांनाच नको आहे तुमचं क्रेओल, आपण तरी किती ओढायचं. त्याच्या स्वरात विजय नव्हता, कीवच होती, आणि तिला ती जास्त लागली. त्याला उत्तर द्यायला हवं होतं. अंगणात काय झालं ते सांगायला हवं होतं. पण अंगणात जे झालं ते तिच्या येण्याने बंद पडलं होतं, हे कसं सांगणार... उन्हाने तापलेल्या पत्र्याचा वास येत होता आणि तिचे पाय सुजले होते.

पाचला ट्रक निघणार होते. बरेचसे शिक्षक उद्याच्या दिवसासाठी नन्सच्या वसतिगृहात राहणार होते, पण मास्तरांनी सकाळीच सांगितलं होतं की त्यांना परत जायचं आहे, बायको आजारी असते. फाटकापाशी गेर्दा खोकं घेऊन उभी होती, फिती परत गोळा करायला, उद्या पुन्हा वापरायच्या म्हणून. जाणारे लोक खिशांतून हिरव्या फिती काढून खोक्यात टाकत होते, आणि टाकल्यावर त्यांचे खांदे सैल होत होते. की तिला तसं वाटत होतं. रोझमेन बाजूला उभी राहिली. माफी मागायची होती, पण कशाची मागायची ते शब्दांत बसत नव्हतं. आणि मागितली असती तरी कोणत्या भाषेत मागणार होती.

मास्तर आले. फीत त्यांच्या हातात होती, बोटाभोवती नीट गुंडाळलेली. खोक्यापाशी ते थांबले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी तिच्याशी क्रेओलमध्ये तोंड उघडलं.

"ही परत द्यावी लागते का गं पोरी?"

"नाही, मास्तर. राहू द्या. फेकून द्या हवी तर."

"फेकू कशाला? घरी नेतो." त्यांनी फीत कोटाच्या आतल्या खिशात घातली, वरून हाताने दाबली. "बायको विचारील, हे काय. सांगेन, बक्षीस मिळालं."

ते हसले नाहीत. टोमणा होता की नुसतं बोलणं होतं, त्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी टोपी काढली, तिच्यापुढे मान लववली – तशीच, पायऱ्यांवर लववली होती तितकीच – आणि ट्रककडे गेले. पिलातच्या बाईने त्यांना हात देऊन वर घेतलं. ट्रक वळला, धूळ खाली बसायला वेळ लागला.

"ताई," गेर्दा म्हणाली, "उद्याचं काय करायचं? ह्याच द्यायच्या का?"

रोझमेनने खोकं तिच्या हातातून घेतलं. फीत न द्यावी तर उद्याही सात रांगा काही न कळता मान हलवत बसणार. द्यावी तर... सगळ्यांना एकाच रंगाची द्यावी, इयरफोन खुर्च्यांवर ठेवून द्यावेत, स्वतःच आधी कानात घालून बसावं – उपाय होते, सकाळी सुचले असते तर ती उत्साहाने पळाली असती. आता ते एकेक करून समोर येत होते आणि तिला त्यातल्या एकाचाही आनंद होत नव्हता. सकाळचा शीण वेगळा होता. आपलं बरोबर आहे आणि कोणी ऐकत नाही, असा तो शीण होता, आणि त्याला टेकून पाच वर्षं उभं राहता आलं होतं. आता टेकायला काही नव्हतं.

चाळीस वर्षं ती एकाच बाजूने बघत आली होती – गळ्यात सुतळी असलेल्या पोरीच्या. त्या रविवारी आई आभार मानत होती तेव्हा आपल्याला काय वाटलं, एवढंच तिने हजारदा आठवलं होतं. आज पहिल्यांदा तिला त्या तिशीच्या माणसाचा चेहरा दिसला, ताठ, मिशीवाला, पोरांचं भलं व्हावं म्हणूनच ती पाटी घालणारा, आणि चर्चच्या पायऱ्यांवर त्या बाईचं ते आभाराचं बोलणं ऐकून घेणारा. त्या रात्री तो जेवला असेल का. त्याने नंतर कोणाच्या गळ्यात ती पाटी घातली का, हे तिला आठवेना. आश्चर्य म्हणजे तिला खरंच आठवेना.

तिने खोक्यात हात घातला. फिती घामाने किंचित ओलसर होत्या. मानेमागे, जिथे आज काहीच टोचत नव्हतं तिथे, तिचा हात आपोआप गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.